नागपूरच्या बर्डीवरचं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान: जुने स्कॅन छापायचे असतील तर इथेच द्या

अमेरिकेच्या यादवी युद्धातली २६ वी नॉर्थ कॅरोलिना पायदळ पलटण, तिचा इतिहास मला कागदावर हवा होता. त्या राज्याने १९०१ साली आपल्या सगळ्या पलटणींचा इतिहास पाच खंडांत छापला, लिहिणारे बहुतेक त्याच पलटणींतले जुने सैनिक, स्कॅन फुकट मिळतात पण मोबाइलवर वाचायला बसलं की डोळ्यांची पार वाट लागते. म्हणून मोदी नंबरच्या गल्लीतल्या एका छोट्या दुकानात पेनड्राइव्ह नेऊन दिला.

आधी दुसरीकडे छापून पाहिलं होतं, तिथे पिवळ्या पानांचा सगळा करडा पट्टा उमटला आणि जखमी-मेलेल्यांच्या तक्त्यातला ३ कुठला न् ८ कुठला ते कळेना. आता या पलटणीचा सगळा इतिहासच त्या आकड्यांत आहे हो! १ जुलै १८६३, गेटिसबर्गच्या लढाईचा पहिला दिवस, ८०० च्या वर माणसं विलोबी रन नाला ओलांडून समोरच्या झाडीत घुसली, पुढे उत्तरेकडच्या फौजेची २४ वी मिशिगन पलटण, आणि संध्याकाळपर्यंत यांची साडेपाचशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली होती. पलटणीतली एफ कंपनी तर जवळपास सगळीच मेली किंवा जखमी झाली. झेंडा धरणारे एकामागून एक पडत गेले, शेवटी कर्नल बर्गविनने तो स्वतः घेतला आणि तोही मेला, वय फक्त २१. मग लेफ्टनंट कर्नल लेनने उचलला, त्याच्या मानेत गोळी लागली पण तो वाचला. मिशिगनवाल्यांचेही ५०० पैकी साडेतीनशेच्या वर मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. आणि एवढं होऊन उरलेले लोक ३ जुलैला परत ‘पिकेट्स चार्ज’ नावाच्या त्या मोठ्या हल्ल्यात चालत गेले.

तर या दुकानातल्या काकांनी आधी तक्त्याचं एकच पान काढलं, उजेडात धरून पाहिलं, म्हणाले “भाऊ, मशीन आकडे खाऊन राहिली, थोडं डार्क करून पाहू का?” दोन-तीनदा सेटिंग बदललं, बॅकग्राउंड उडवला, तेव्हा कुठे पूर्ण काम हाती घेतलं. स्पायरल नको म्हटलं तर पानांचे फर्मे (घडीचे गठ्ठे) पाडून दोऱ्याने शिवले, खळ लावून वर कापडी पुठ्ठा. पुस्तक टेबलावर सपाट उघडं राहते, हात काढला तरी मिटत नाही. नकाशा मात्र मोठ्या कागदावर घडी घालून मागवला होता, त्याची घडी नेमकी नाल्याच्या रेघेवर आली, म्हणून एक स्टार कमी. दर बाजारात आहे तोच, शिलाईचे वेगळे पडतात पण वसूल आहेत. टाइमावर मिळालं.

वाचणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, लिहिणारे त्याच बाजूचे आहेत. शौर्य खरं आहे, मी ते वाचताना हललो, पण ही फौज गुलामगिरी टिकवायला निघालेल्या राज्यांची होती आणि बर्गविनच्या घरचे मळेसुद्धा गुलामांच्याच कष्टावर चालायचे. हे डोक्यात ठेवूनच वाचा.

काम द्यायला जाल तर दुपारी जा, संध्याकाळी कॉलेजच्या पोरांची प्रोजेक्टसाठी गर्दी असते आणि मग काकांना पान तपासायला वेळ भेटत नाही. समासाला आतून जास्त जागा सोडा म्हणून आधीच सांगा, शिलाईत जाते ती.