‘..’ चा खरा पत्ता सांगणारी रिअलपाथ

रिअलपाथ ही कमांड ग्नू कोअरयुटिल्समध्ये (लिनक्सवरच्या मूलभूत कमांडच्या संचात) २०१२ साली, ८.१५ या आवृत्तीत आली. पाथमधले, म्हणजे फाइलच्या पत्त्यातले, ‘..’ (एक पायरी वर) आणि सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारे दुवे) सोडवून आपण शेवटी नेमके कुठे पोचतो, तेवढं ती छापते. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला ती हवीच, कारण ‘..’ च्या बाबतीत शेल (टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यांचं जमत नाही.

समजा, /काम/चालू ही सिमलिंक /साठा/जुने/मसुदा या डिरेक्टरीकडे नेते. डिरेक्टरी बदलणारी ‘सीडी चालू’ आणि मग ‘सीडी ..’ केलं, की शेल स्वतःजवळ लिहून ठेवलेल्या पाथचा शेवटचा तुकडा खोडतो. तुम्ही /काम मध्ये परतता. चालू मध्येच असताना ‘एलएस ..’ द्या, यादी येते /साठा/जुने ची! एलएस ‘..’ तसाच कर्नलच्या हवाली करते, आणि कर्नलला पाथची अक्षरं नाही, खरी डिरेक्टरी आणि तिची पालक डिरेक्टरी ठाऊक असते. कॉपी करणाऱ्या ‘सीपी’ला किंवा फाइल हलवणाऱ्या ‘एमव्ही’ला ‘..’ दिल्यावर फाइल भलतीकडे जाते ती यामुळेच.

रिअलपाथ आपणहून कर्नलचीच वाट धरते: /काम/चालू/.. विचारलं तर /साठा/जुने. शेलसारखं उत्तर हवं असेल तर ‘-एल’ (कॅपिटल) द्यायचा. आपणहून कर्नलची वाट धरण्याची ही निवड अगदी योग्य आहे.

‘-एम’ मात्र जपून वापरा. एरवी शेवटचा घटक सोडून बाकी सगळे अस्तित्वात असावे लागतात, नाहीतर एरर येते. ‘-एम’ दिला की ‘चूक/../फाइल’ मधली नसलेली ‘चूक’ही बिनबोभाट खपते, तोच पाथ कर्नल उघडायला नकार देतो. पुसणाऱ्या किंवा हलवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘-ई’च (स्मॉल) घाला, म्हणजे शेवटचा घटकही तपासला जातो.

उत्तर ठरावीक डिरेक्टरीच्या आतलं आहे का हे पाहताना तुलनेत शेवटचा तिरका दांडा ठेवा. तो नसेल तर /साठा च्या तपासणीतून /साठानवा सुद्धा पास होतो.

एक उणीव भरून काढणं या कमांडच्या हाती नाही. उत्तर मिळाल्यावर फाइल उघडेपर्यंत कुणी सिमलिंक बदलली, तर तपासणी फुकट जाते. परक्या माणसाने दिलेले पाथ उघडायचे असतील तर लिनक्स ५.६ पासूनचा ओपनअॅट२ हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे थेट केलेली मागणी) ‘रिझॉल्व्ह बिनीथ’ या फ्लॅगसह वापरा. त्यात उघडणं आणि ठरलेल्या डिरेक्टरीच्या बाहेर जाऊ न देणं कर्नल एकाच कॉलमध्ये करतो.