मोठ्या मत्स्यटाकीचा स्टँड: भरीव लाकडाची चौकट की प्लायवुडची पेटी?

चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी टाकी घ्यायचे ठरले की स्टँड स्वतः बनवावा किंवा सुताराकडून आपल्या मापाने करून घ्यावा, या निर्णयापर्यंत बहुतेक जण लवकरच येतात. त्यानंतर प्रश्न उरतो तो रचनेचा. भरीव लाकडाचे पाय आणि आडवे दांडे जोडून चौकट उभी करायची, की १८ मिलिमीटरच्या प्लायवुडची पेटी करून तिच्यावरच टाकी ठेवायची? मी दोन्ही प्रकारचे स्टँड वापरले आहेत आणि सध्या माझी टाकी त्यांपैकी एकावर उभी आहे. त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ असेल असा दावा मी करणार नाही. तरीही दुसरा प्रकार जिथे खरोखर वरचढ ठरतो, तिथे ते मोकळेपणाने मान्य करायला हवे.

वजनाची धास्ती मात्र आधीच बाजूला ठेवलेली बरी. या मापाच्या टाकीत सुमारे ४५० लिटर पाणी मावते, १२ मिलिमीटर काचेची रिकामी टाकी ९० किलोच्या आसपास भरते, पाच सेंटिमीटर वाळूच्या थराचे आणखी ५५-६० किलो होतात, आणि दगड धरले तर एकूण ६०० किलोचा हिशेब करून चालावे. आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण तंतूंच्या दिशेने दाब येतो तेव्हा लाकूड विलक्षण बळकट असते. चार बाय नऊ सेंटिमीटर छेदाचा, सरळ आणि मोठ्या गाठी नसलेला एक पाय बाजूला कलू दिला नाही, तर हे सारे वजन तो एकटाही पेलू शकतो. प्लायवुडच्या उभ्या फळीच्या कडेचे क्षेत्रफळ तर त्याहूनही जास्त भरते. म्हणजे दोन्ही रचना नीट बांधल्या तर पुरेशा मजबूत आहेत, आणि ‘जास्त मजबूत कोणती’ या प्रश्नाभोवती होणारी बरीचशी चर्चा मला तरी निष्फळ वाटते.

फरक पडतो तो वजन जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने उतरते यात. चौकटीत वरचे आडवे दांडे थेट पायांच्या डोक्यावर किंवा पायांत कोरलेल्या खाचेत बसायला हवेत, म्हणजे भार लाकडावरून लाकडावर जातो आणि स्क्रूकडे केवळ जागा धरून ठेवण्याचे काम उरते. दांडे पायांच्या बाजूला स्क्रूने ठोकून तेवढ्यावरच टाकी ठेवलेली दिसली, तर तो स्टँड नाकारावा, मग लाकूड कितीही जाड असो. प्लायवुडच्या पेटीत ही वाट आपोआप सापडते, कारण वरची फळी उभ्या फळ्यांच्या कडांवरच टेकलेली असते. लांब दांड्याच्या बाबतीत जाडीपेक्षा उभी उंची महत्त्वाची असते, कारण ताठपणा उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. साधारण चार सेंटिमीटर जाडीच्या मऊ लाकडाचा दांडा नऊ सेंटिमीटर उंच असेल तर चार फुटांच्या अंतरात तो या वजनाखाली मध्यभागी तीन मिलिमीटरच्या आसपास झुकतो. तोच १४ सेंटिमीटर उंच घेतला तर झुकाव एका मिलिमीटरच्या आत येतो. काचेला हा फरक चांगलाच कळतो.

आता प्लायवुडच्या बाजूने दोन गोष्टी, आणि त्या लहान नाहीत. पहिली गोष्ट म्हणजे आडवे डोलणे. स्टँड वजनाखाली चिरडत नाही. तो बिघडतो तेव्हा बाजूला कलतो, तळ-माथा नसलेला पुठ्ठ्याचा खोका एका कोपऱ्यावर दाबला की तिरपा होतो तसा. काटकोनांत गोंदाने घट्ट चिकटवलेली मागची सलग फळी हा कल पूर्णपणे रोखते, आणि पेटीत ती असतेच. चौकटीत ती मुद्दाम घालावी लागते. एक तर मागे आणि दोन्ही बाजूंना पातळ प्लायवुड ठोकून, नाहीतर तिरप्या पट्ट्या देऊन. पाय दुप्पट जाड करणारे आणि मागची बाजू उघडी सोडणारे लोक पाहिले की नवल वाटते, कारण एखादे मूल टाकीला टेकून उभे राहील तेव्हा त्या जाड पायांचा काहीच उपयोग नसतो.

दुसरी गोष्ट सपाटपणाची. प्लायवुडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असल्यामुळे ते ऋतूप्रमाणे फारसे हलत नाही. भरीव लाकूड मात्र आडव्या दिशेने फुगते आणि आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. नीट न मुरलेल्या लाकडाचा १४ सेंटिमीटर उंचीचा दांडा घरात येऊन सुकला की दीड-दोन मिलिमीटर सहज आकसतो. सगळे दांडे सारखे आकसले तर बिघडत नाही, पण त्यांपैकी एकाला पीळ पडला तर टाकीचा एक कोपरा अधांतरी राहतो. मी माझ्या चौकटीचे लाकूड विकत घेतल्यावर बरेच दिवस त्याच खोलीत आडवे रचून ठेवले होते आणि त्यातले जे वाकडे झाले ते बाजूला काढले. तेवढा धीर नसेल तर प्लायवुड घेतलेले बरे, हे मी प्रामाणिकपणे सांगेन. टाकी भरल्यानंतर टाकीतले पाणी हीच खरी पाणसळ असते: काचेच्या वरच्या कडेपासून पाण्याची रेघ चारही कोपऱ्यांत सारख्या अंतरावर आहे की नाही हे अधूनमधून पाहत गेले की स्टँड कसा वागतो आहे ते कळते. माझ्या पेटीवरही ती रेघ हलली नाही आणि चौकटीवरही हललेली नाही.

बांधणीच्या सोयीबद्दल थोडक्यात सांगायचे तर प्लायवुडला अचूक, लांब आणि काटकोनी काप हवे असतात आणि आठ बाय चार फुटांचे १८ मिलिमीटरचे पान ३५ किलोच्या घरात असल्याने एकट्याने ते हाताळणे अवघड जाते. चौकट करवत, गुण्या आणि चांगल्या ड्रिलवर उभी राहते. दिसण्याबाबत काही फरक करण्यासारखे नाही. दोन्हींवर हवे ते आच्छादन चढवता येते.

मग माझ्यासाठी पारडे कुठे झुकले? पेटीतल्या ओलाव्यापाशी. हा त्रास टाकी घेताना कोणी सांगत नाही आणि पहिले वर्षभर तो जाणवतही नाही. संप म्हणजे मुख्य टाकीखाली, स्टँडच्या पोटात ठेवलेली पाणी गाळण्याची लहान टाकी. तो असला की स्टँडच्या आत कोमट पाणी दिवसरात्र खळखळत असते आणि रोज थोडी तरी वाफ त्याच्या पृष्ठभागावरून उठत असते. पेटी बंद असल्याने ही वाफ तिथेच घुटमळते. दार उघडले की कुबट वास येतो, वरच्या फळीच्या खालच्या अंगावर दव धरलेले दिसते, बिजागऱ्या गंजू लागतात. मागे हवेसाठी भोके पाडली, लहानसा पंखा लावला, दारे दुपारी उघडी ठेवली; या सगळ्याने वास कमी झाला, पण प्रश्न मिटला नाही.

कारण खरा प्रश्न वाफेचा नसून तळाशी साचणाऱ्या पाण्याचा आहे. पाणी बदलताना नळीतून ओघळलेले थेंब, संपमधून उडालेले तुषार, वीज गेल्यावर पाइपातून परत आलेले आणि काठावरून जरासे सांडलेले पाणी हे सारे पेटीच्या तळफळीवर जाते आणि संपच्या खाली, जिथे हात पोहोचत नाही आणि नजर जात नाही, तिथे पसरून राहते. उभ्या फळ्या याच तळफळीवर टेकलेल्या असतात. प्लायवुडच्या कोणत्याही कडेला निम्म्या थरांच्या तंतूंची तोंडे उघडी असतात आणि लाकूड पाणी सर्वांत वेगाने पिते ते याच तोंडांतून. उभ्या फळीची खालची कड ओल्या तळावर असली की ज्या थरांचे तंतू उभे आहेत ते पाणी वर ओढू लागतात. मरीन प्लायवुडचा गोंद पाण्यात सुटत नाही हे खरे आहे, पण मधले लाकूड लाकूडच असते, आणि त्यातला ओलावा २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की बुरशीला वाव मिळतो. समुद्री टाकी असेल तर त्यात मिठाची भर पडते, कारण त्यातले मॅग्नेशियम क्लोराइड हवेतले पाणी ओढून घेते आणि कड कधी पूर्ण वाळतच नाही.

माझी पेटी चांगल्या मरीन प्लायवुडची होती आणि तिच्या कडांना जोडणीआधीच पॉलियुरेथेनचे हात दिलेले होते. तरीही घर बदलताना टाकी रिकामी करून संप बाहेर काढला तेव्हा मागच्या एका कोपऱ्यात उभ्या फळीचा खालचा भाग काळवंडलेला आढळला आणि तिथे नख दाबल्यावर ते आत गेले. पेटी कोसळायच्या बेतात होती असे मी म्हणणार नाही. कदाचित ती आणखी बरीच वर्षे उभी राहिली असती. मला खटकले ते एवढेच, की हे कधीपासून चालू होते ते मला समजण्याचा काही मार्गच नव्हता, आणि समजले असते तरी करण्यासारखे काही नव्हते. पेटीत फळी हेच आच्छादन असते आणि फळी हाच आधारही असतो. खराब झालेली बाजू बदलायची म्हणजे वरचे ६०० किलो उतरवणे आले, मासे दुसरीकडे हलवणे आले, वर्षानुवर्षे मुरलेले जैविक संतुलन मोडणे आले.

चौकटीत ही दोन कामे वेगळी राहतात. पाय आणि दांडे वजन घेतात. बाजूच्या फळ्या फक्त झाकतात किंवा कल रोखतात, आणि एखादी फळी फुगली तर टाकी भरलेली असतानाच ती काढून दुसरी लावता येते, मागची तेवढी तशीच ठेवून. पायाच्या खालच्या टोकाशीही तंतूंची तोंडे उघडीच असतात, हा आक्षेप रास्त आहे. पण ती टोके जोडणीआधी इपॉक्सीत भिजवून पायांखाली रबराचे जाड तुकडे दिले की पाय पाण्यात उभा राहत नाही, आणि ओला झालाच तरी चारही बाजूंनी हवा लागून वाळतो. शिवाय लाकूड लांबीच्या दिशेने फुगत नसल्याने एखादा पाय ओला झाला म्हणून टाकीचा तो कोपरा वर उचलला जात नाही. सर्वांत मोठी सोय म्हणजे खालची जमीन दिसते. थेंब पडला तर तो जमिनीवर पडतो, चकाकतो, आणि पुसला जातो.

हात घालण्याच्या जागेतही मला चौकट उजवी वाटली. पेटीला मधली उभी फळी द्यावी लागली तर संप तिच्या मागून वाकडा करूनच काढावा लागतो. चौकटीत वरचा दांडा पुरेसा उंच घेतला की चार फुटांपर्यंत मधला पाय टाळता येतो आणि समोरची संपूर्ण बाजू मोकळी राहते. पाच-सहा फुटांच्या टाकीला मात्र मधला पाय द्यावा, तिथे सोयीचा विचार करू नये.

हे सारे संप असलेल्या टाकीला लागू आहे, हे पुन्हा नमूद करतो. ज्यांची टाकी गोड्या पाण्याची आहे, जिला बाहेरचा बंद कॅनिस्टर फिल्टर आहे आणि स्टँडच्या पोटात खाद्याचे डबे व जाळी यांपलीकडे काही ठेवायचे नाही, त्यांच्यासाठी प्लायवुडची पेटी कदाचित अधिक शहाणपणाची ठरेल: ती सपाट असते, ताठ असते, लवकर होते आणि तिच्यात धूळ कमी जाते. त्यांनीही तळफळी उभ्या फळ्यांच्या खाली न ठेवता त्यांच्या मध्ये, जमिनीपासून थोडी उचलून बसवावी आणि संपूर्ण पेटीला रबराचे पाय द्यावेत, एवढे सुचवावेसे वाटते. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा किंवा तंतू दाबून केलेल्या फळ्या) यांचा विचार या वजनासाठी आणि या पाण्यासाठी करूच नये.

चौकट निवडणाऱ्यांनी वरच्या दांड्यांवर १८ मिलिमीटर प्लायवुडचे एक सलग पान टाकावे, म्हणजे दांड्यांमधला बारीकसारीक चढउतार झाकला जातो. टाकीची तळाची काच थेट टेकणारी असेल तर त्यावर फोमचा पातळ थर द्यावा. तळाला प्लॅस्टिकची चौकट असलेल्या टाकीचे वजन फक्त कडांवर येते, तिथे फोम घालू नये. समोरची दारे बिजागरीवर न टांगता चुंबकावर चिकटणाऱ्या फळ्यांची केली तर संप साफ करण्याच्या दिवशी ती काढून भिंतीला टेकवून ठेवता येतात, आणि स्टँड तेवढा वेळ उघडाच ठेवला तरी कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.