फ्रोझन ट्रान्सफर: नॅचरल सायकल घ्यावी की गोळ्यांची?

फ्रोझन ट्रान्सफर म्हणजे आयव्हीएफमध्ये गोठवून ठेवलेला एम्ब्रियो (गर्भ) गर्भाशयात सोडणं. त्यासाठी डॉक्टरांनी दोन्ही पर्याय दिले असतील तर आधी एक गोष्ट समजून घ्या, खरा फरक पिट्युटरीला कामाला लावायचं की गप्प बसवायचं हा आहे. मेंदूच्या तळाशी असलेली ही वाटाण्याएवढी ग्रंथी गर्भाशयाचं अस्तर स्वतः तयार करत नाही. ती एलएच नावाचं हार्मोन सोडते, त्याने साधारण 36 तासांत फॉलिकल (अंडाशयातली बीजाची पिशवी) फुटून स्त्रीबीज बाहेर पडतं आणि रिकाम्या फॉलिकलचं कॉर्पस ल्युटियम बनतं, मग तेच प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन बनवून अस्तर एम्ब्रियोसाठी तयार करतं.

नॅचरल सायकलमध्ये हे सगळं शरीरच करतं. पण तारीख तुमच्या हातात नसते, सोनोग्राफी आणि रक्त तपासायला परत परत जावं लागतं, आणि एलएच वाढलेलं वेळेत कळलं नाही तर सायकल रद्द. एम्ब्रियो रुजला की त्याचं एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन) एलएचच्याच रिसेप्टरवर बसतं आणि कॉर्पस ल्युटियम टिकवतं, म्हणजे पिट्युटरीचं काम एम्ब्रियो स्वतःकडे घेतो, मला तर हे फारच भारी वाटतं!

गोळ्यांच्या सायकलमध्ये सुरुवातीपासून इस्ट्रोजेन हे हार्मोन देतात, त्यामुळे पिट्युटरी दबते, फॉलिकल वाढत नाही. अस्तर साधारण 7 मिमी झालं की प्रोजेस्टेरॉन सुरू आणि ब्लास्टोसिस्ट (साधारण पाच दिवसांचा एम्ब्रियो) असेल तर बहुतेक सहाव्या दिवशी ट्रान्सफर. तारीख ठरवता येते, सुट्टी काढायला सोपं. पण इथे कॉर्पस ल्युटियमच नाही, एचसीजी आलं तरी ते कोणाला जागं करणार, म्हणून प्लासेंटा सावरेपर्यंत, साधारण 10-12 आठवडे, औषधं चुकवून अजिबात चालत नाही.

बाळ होण्याचं प्रमाण दोन्हीत साधारण सारखंच. मात्र गोळ्यांच्या सायकलमध्ये गरोदरपणात बीपी वाढायचा, प्रीएक्लॅम्प्सियाचा (बीपी वाढून इतर अवयवांनाही त्रास होण्याचा) धोका जास्त दिसलाय, कॉर्पस ल्युटियममधून येणारं रिलॅक्सिनसारखं हार्मोन मिळत नाही हे त्यामागचं एक कारण असावं असं मानतात. म्हणून पाळी नियमित असेल तर माझं मत नॅचरलच्या बाजूने, आणि आधीपासून बीपीचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना स्पष्ट विचाराच.

पाळी फार अनियमित असेल, किंवा पिट्युटरीचाच आजार असेल, तर गोळ्यांची सायकल बिनधास्त घ्या. अंडाशय काम करत नसलेल्या बायकांनाही दात्याच्या बीजापासून याच पद्धतीने मुलं होतात.