'फोर्ज्ड' म्हणून विकलेले इंजिन उघडले तेव्हा

टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) बसवून गाडीची ताकद वाढवायची ठरवली की दोन मार्ग समोर येतात. पहिल्यात इंजिन पूर्ण खोलून, ब्लॉकचे मशीनकाम करून, फोर्ज्ड (ओतीव नव्हे, तर दाबाखाली घडवलेले, म्हणून अधिक मजबूत) पिस्टन आणि मजबूत कनेक्टिंग रॉड घालून ते व्यावसायिक बिल्डरकडून नव्याने बांधून घेतले जाते आणि मग त्यावर टर्बो चढतो. दुसऱ्यात कंपनीच्या मूळ इंजिनाला आतून हात न लावता स्वस्तातले टर्बो किट बसवून कमी बूस्टवर (टर्बोने दिलेल्या हवेच्या दाबावर) समाधान मानायचे असते. हे दोन्ही व्यवहार सचोटीचे असू शकतात. माझी फसवणूक झाली ती या दोहोंच्या मधल्या जागेत, जिथे दुसऱ्या प्रकारचे काम पहिल्या प्रकारचे नाव लावून विकले जाते. इंजिनाचे तोंड एकदा बंद झाले की आत काय आहे हे ग्राहकाला दिसत नाही, आणि हा सगळा धंदा नेमका त्यावर चालतो.

माझ्याकडे दोन अंदाजपत्रके होती. व्यावसायिक बिल्डरच्या अंदाजपत्रकात बोअरिंग (सिलिंडर कापून रुंद करणे), टॉर्क प्लेट लावून होनिंग (हेड बसवल्यासारखा ताण देऊन सिलिंडर घासणे), क्रँक व रॉडचे बॅलन्सिंग, बेअरिंगचा क्लिअरन्स (मोकळीक), नवे हेड बोल्ट अशी प्रत्येक बाब वेगळी लिहिलेली होती आणि थांबावे लागणारा काळही मोठा होता. टर्बोच्या कामासाठी परिसरात नाव असलेल्या दुसऱ्या गॅरेजने मात्र एका ओळीत सगळे उरकले होते: 'फोर्ज्ड इंजिन, टर्बो आणि ट्यूनिंगसह'. रक्कम साध्या टर्बो किटपेक्षा बरीच जास्त आणि बिल्डरपेक्षा लक्षणीय कमी होती. गॅरेजमालकाचे म्हणणे असे, की मशीन शॉपवाले नावाचे पैसे घेतात; पिस्टन आणि रॉड बाजारात सर्वांना सारखेच मिळतात, मग तेच सामान त्याने बसवले तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद पटण्यासारखा होता, कारण त्याचा पहिला भाग खरा आहे. सामान खरोखरच कोणालाही मिळते. व्यावसायिक बिल्डर पैसे घेतो ते मुख्यतः मोजमापाचे.

पिस्टन रिंगच्या दोन टोकांमधल्या फटीचेच पाहा. रिंग तापली की लांबते आणि तिची टोके एकमेकांकडे सरकतात. 80 मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) साध्या पेट्रोल इंजिनात वरच्या रिंगला साधारण 0.32 मिमी फट पुरते. टर्बोमुळे उष्णता वाढली की तीच फट 0.40 ते 0.48 मिमीपर्यंत न्यावी लागते, आणि अंतिम आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्यायचा असतो. फट कमी पडली तर टोके एकमेकांवर आदळतात, रिंगला पसरायला जागा उरत नाही आणि पिस्टनचा वरचा काठ तुटून येतो. प्रत्येक सिलिंडरची रिंग त्याच सिलिंडरमध्ये बसवून फीलर गेजने मोजायची, कानशीने घासायची, पुन्हा मोजायची, असे हे कंटाळवाणे काम आहे. घाईत असलेला माणूस ते करत नाही, आणि केले की नाही हे बाहेरून कळायला वाव नसतो.

दुसरी अडचण नॉकिंगची. साध्या इंजिनाचे कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबले जाते ते) जास्त असते, त्यात टर्बोने आणखी हवा कोंबली की मिश्रण ठिणगीनंतर नियमाने जळण्याऐवजी कुठेतरी आपोआप भडकते आणि पिस्टनवर घणाचे घाव बसतात. ही अडचण नवी नाही. 1962 साली ओल्ड्समोबिलने 'जेटफायर' ही टर्बो असलेली गाडी विक्रीला आणली, तेव्हा 10.25:1 इतक्या कॉम्प्रेशनवर नॉकिंग आवरण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी द्यावी लागली होती, आणि ग्राहक ती भरायला विसरत. एवढ्या मोठ्या कंपनीलाही जे सोपे गेले नाही, ते 'बूस्ट थोडाच आहे, काही होत नाही' या वाक्याने सुटत नाही.

गाडी ताब्यात मिळाली तेव्हा गॅरेजमालकाने थंड इंजिन सुरू करून दाखवले आणि किती शांत चालते ते ऐकायला लावले. तोंडी त्याने 2618 या मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन घातल्याचे सांगितले होते. या धातूत सिलिकॉन फार कमी असल्याने तो तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून पिस्टन आणि बोअर यांच्यात जास्त मोकळीक ठेवावी लागते आणि थंड इंजिन गरम होईपर्यंत हलकी टकटक ऐकू येणे हे अशा पिस्टनचे नेहमीचे लक्षण आहे. 4032 धातूचे फोर्ज्ड पिस्टन त्या मानाने शांत असतात, त्यामुळे केवळ आवाजावरून निकाल देता येत नाही. पण जे पिस्टन घातले म्हणून सांगितले गेले, त्यांच्याशी ती शांतता जुळत नव्हती. सोबत मिळालेल्या डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर ताकदीची सुंदर चढती रेघ होती, मात्र हवा आणि इंधनाच्या प्रमाणाची रेघच नव्हती. जुने पिस्टन मागितले, तर ते भंगारात गेल्याचे उत्तर आले.

काही काळ गाडी उत्तम पळाली. मग सिग्नलला थांबल्यावर निळसर धूर दिसू लागला. त्यावर 'टर्बोचे सील बसायला वेळ लागतो' असे सांगण्यात आले, जे निखालस खोटे आहे. टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसते, बारीक धातूची रिंग असते, आणि आतले ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरून चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) परत जाते. परतीचा तो पाइप मध्येच वर चढत असेल किंवा चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीखाली जोडलेला असेल, तर ऑइल टर्बोतच तुंबते आणि रिंगमधून गळून जळते. माझ्या गाडीत तो पाइप जागा वाचवण्यासाठी उंटाच्या मानेसारखा वळवला होता. पुढे डिपस्टिक आपोआप वर येऊ लागली, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंग ओलांडून खाली उतरत होता. आणि शेवटी एका लांब चढावर तडतड असा आवाज होऊन इंजिन एका सिलिंडरवर मिसिंग करू लागले.

इंजिन उघडले ते दुसऱ्या, मशीन शॉप असलेल्या बिल्डरकडे, माझ्या समोर. पिस्टन बाहेर येताच त्याने ते उलटे करून बाकावर ओळीने मांडले. चारही पिस्टनच्या आतल्या बाजूला ओतकामाच्या खुणा आणि गाडीच्या मूळ कंपनीचा ठसा होता. तिसऱ्या पिस्टनवर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधला काठ चंद्रकोरीएवढा तुटलेला होता. त्याच्या वरच्या रिंगची दोन्ही टोके आरशासारखी चकाकत होती, म्हणजे ती एकमेकांवर घासली गेली होती. बोअरच्या वरच्या कडेला जुन्या कार्बनची कड शाबूत होती. बोअरिंग झाले असते तर ती उरली नसती. रॉडच्या बेअरिंगवर तांब्याचा रंग उघडा पडला होता. नवे होते ते बाहेरून दिसणारे सारे: व्हॉल्व्ह कव्हरचा रंग, रबरी होज, चकचकीत क्लॅम्प.

इंधनाची बाजूही तशीच निघाली. इंजेक्टर मूळचेच होते आणि पूर्ण बूस्टला ते जवळपास सतत उघडे राहत होते. इंजेक्टर उघडा राहण्याचे प्रमाण 80 ते 85 टक्क्यांच्या आत ठेवतात; त्यापुढे इंधन वाढवायला जागाच उरत नाही, आणि बूस्टमध्ये जिथे एका भाग इंधनाला 11.5 ते 12 भाग हवा असे प्रमाण हवे तिथे मिश्रण पातळ होते, म्हणजे इंधन कमी पडते. डायनोच्या आलेखातून ती रेघ का गाळली होती याचा उलगडा तेव्हा झाला.

असे काम कोणाकडे देणार असाल, तर पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे हे आधी लेखी ठरवा आणि हेड बंद करण्यापूर्वीची पाहणी हा त्यातला एक टप्पा ठेवा. पिस्टन आणि रॉड शक्यतो स्वतः विकत घेऊन बिल्डरच्या हवाली करा. ते बसवताना ब्लॉकचा क्रमांक आणि पिस्टनवरचा क्रमांक एकाच छायाचित्रात घेतलेला असावा. जुने सुटे भाग परत मिळतील अशी अट घाला. खरे काम करणाऱ्याला ते परत देण्यात काहीच अडचण नसते. बोअरिंग ज्या मशीन शॉपमध्ये झाले तिथले वेगळे बिल मागा. सर्वांत महत्त्वाचा तो मोजमापाचा कागद: प्रत्येक सिलिंडरचा व्यास, पिस्टनची मोकळीक, दोन्ही रिंगांच्या फटी, प्रत्येक बेअरिंगचा क्लिअरन्स. 'सगळे स्टँडर्डप्रमाणे आहे' असे उत्तर मिळाले, तर मोजलेच नाही असे समजा. काम झाल्यानंतर शंका आली, तर इंजिन न उतरवताही स्पार्क प्लगच्या छिद्रातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टनचा माथा पाहता येतो आणि घातलेल्या म्हणवणाऱ्या पिस्टनच्या छायाचित्राशी ताडता येतो. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती गळते ते पाहणे) करून घेणे तर अगदीच कमी खर्चाचे आहे.

पुरावे घेऊन गेल्यावर गॅरेजमालकाने पिस्टनबद्दल चकार शब्द काढला नाही. त्याने एवढेच म्हटले, की बूस्ट तुम्ही वाढवला असेल. वेस्टगेटच्या (बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेच्या) अ‍ॅक्चुएटरच्या रॉडवरील ज्या नटाने बूस्ट कमीजास्त करता येतो, त्याची जागा गाडी घेताना कोणीच नोंदवलेली नव्हती, त्यामुळे हा आरोप खोडून काढणे अवघड झाले. तुमच्या गाडीत त्या नटावर रंगाची खूण करून घ्या, तिचे तारखेसह छायाचित्र ठेवा, आणि ट्यूनिंगची मूळ फाइल तुमच्याकडे लेखी पोच घेऊन सुपूर्द करायला लावा.