फुकटचं फ्रीक्सी: तेलविहिरीच्या खाऱ्या पाण्यासाठी कितपत चालतं?

तेलाबरोबर वर येणारं पाणी समुद्राच्या पाण्याच्या पाच-सहा पट खारं असणं नेहमीचंच. मिशिगन खोऱ्यात लिटरला 400 ग्रॅमच्या वर क्षार असलेली पाणी मिळाली आहेत. असं पाणी ट्युबिंगमध्ये (विहिरीतली तेल वर आणणारी नळी), चोकवर (प्रवाह आवरणारी झडप), सेपरेटरमध्ये (तेल, पाणी, वायू वेगळे करणारी टाकी) काय साचवणार हे आधी कळावं म्हणून जी सॉफ्टवेअरं वापरतात, त्यांतलं फुकट मिळणारं सर्वांत दमदार म्हणजे अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं फ्रीक्सी (PHREEQC). मूळ प्रोग्राम 1980 मधला, फोर्ट्रानमधला. 1995 मध्ये तो सी भाषेत नव्याने लिहिला गेला (नावातला शेवटचा ‘सी’ तोच) आणि पार्कहर्स्ट व अपेलो यांची तिसरी आवृत्ती 2013 मध्ये आली. दाबाचा परिणाम धरण्याची सोय या आवृत्तीत आहे, त्यामुळे खोल विहिरीसाठी त्याआधीची आवृत्ती उघडूच नये.

दिसायला अगदी रुक्ष. टेक्स्ट फाइल लिहायची, चालवायची, आकड्यांची लांबलचक यादी वाचायची. दोन दिवसांत हात बसतो. खरी अडचण पुढे आहे: इनपुट चुकीचं असलं तरी उत्तर चार दशांश स्थळांपर्यंत नेटकं छापून येतं.

पहिला सापळा डेटाबेसचा. प्रोग्रामसोबत डझनभर डेटाबेस फाइली येतात आणि नवखा माणूस नेहमीची फ्रीक्सी डॅट (phreeqc.dat) उचलतो. ती गोड्या पाण्यापासून साधारण समुद्राच्या पाण्यापर्यंत ठीक. त्यापुढे आयनांची एकमेकांवरची ओढाताण तिच्या सूत्रात नीट बसत नाही. तिथे खाऱ्या पाण्यासाठीची पिट्झर डॅट (pitzer.dat) हीच फाइल लागते. फरक बघायचा तर सोपी परीक्षा आहे: समुद्राचं पाणी घ्या (1 किलो पाण्यात 55.5 मोल), जिप्समला साचायची मुभा द्या आणि इनपुट फाइलमधल्या ‘रिॲक्शन’ ब्लॉकने 50 मोल पाणी काढून टाका. पाणी सुमारे दसपट आटतं. मिठागरात साधारण याच्या किंचित पुढे मीठ धरायला लागतं, म्हणून हॅलाइटचा, म्हणजे मिठाच्या खनिजाचा, संपृक्तता निर्देशांक (शून्य म्हणजे पाणी त्या खनिजाने काठोकाठ भरलेलं, त्यावर गेला की ते साचू शकतं) शून्याच्या जरा खाली यायला हवा. पिट्झर डॅट तो तिथे आणते. मग तोच इनपुट फ्रीक्सी डॅटवर चालवून पाहावा, पुन्हा सांगावं लागत नाही.

पिट्झर डॅटचेही नखरे आहेत. तिच्यात ॲल्युमिनियम नाही, म्हणजे फेल्डस्पार आणि क्ले खनिजांचा हिशेब बाद. रेडॉक्स (ऑक्सिडेशन-रिडक्शनच्या अभिक्रिया) नाही. ॲसिटेटही नाही, आणि हे तेलाच्या पाण्यात चांगलंच नडतं.

कारण लॅबच्या रिपोर्टात ‘बायकार्बोनेट’ म्हणून जो आकडा असतो तो बहुधा टायट्रेशनचा (थेंब थेंब ॲसिड घालून मोजलेला) असतो. पाणी साडेचार पीएचपर्यंत उतरवताना जे जे ॲसिड पितं, ते सगळं बायकार्बोनेटच्या खात्यावर जातं. कॅरोथर्स आणि खराका यांनी 1978 मध्येच दाखवलं होतं की 80 ते 200 अंश सेल्सिअसच्या तेलसाठ्यांतल्या पाण्यात ॲसिटेटसारखी सेंद्रिय आम्लं भरपूर असतात. ॲसिटिक आम्लाचा पीके (ज्या पीएचला निम्मं ॲसिटेट आम्ल झालेलं असतं तो) 4.76, म्हणजे साडेचारला पोहोचेपर्यंत जवळपास दोन तृतीयांश ॲसिटेट टायट्रेट होऊन जातं. लिटरला 1,000 मिलिग्रॅम ॲसिटेट असेल तर रिपोर्टात सुमारे 650 मिलिग्रॅम खोटं बायकार्बोनेट चढतं. ते तसंच मॉडेलमध्ये घातलं की कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट) स्केलचा, म्हणजे नळीत साचणाऱ्या थराचा, बागुलबुवा उभा राहतो. आयन क्रोमॅटोग्राफीने ॲसिटेट मोजून घ्या आणि तेवढा भाग आधी वजा करा.

घनतेची चूक याहून साधी आणि याहून सर्रास. लॅब आकडे मिलिग्रॅम प्रति लिटर देते, प्रोग्रामला ते किलो पाण्यामागे हवे असतात, आणि घनता सांगितली नाही तर तो ती 1 धरतो. लिटरला 200 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्याची घनता 1.13 च्या आसपास. म्हणजे लिटरमध्ये खरं पाणी 0.93 किलो. प्रोग्राम धरतो 0.80. सगळ्या आयनांची तीव्रता एका फटक्यात सुमारे 16 टक्क्यांनी फुगते. घनता मोजलेली नसेल तर डेन्सिटीच्या ओळीत आकड्यापुढे ‘कॅल्क्युलेट’ लिहा, तो स्वतः काढतो. मात्र त्याच ब्लॉकमध्ये तापमान 110 अंश टाकू नका. लॅबने लिटर मोजला तो खोलीच्या तापमानाला. प्रोग्राम गरम पाण्याची घनता धरेल आणि पुन्हा चार-पाच टक्क्यांचा घोळ होईल. आधी 25 अंशांवर द्रावण बनवायचं, मग ‘रिॲक्शन टेम्परेचर’ आणि ‘रिॲक्शन प्रेशर’ने खाली साठ्यात न्यायचं. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये द्यायचा, पीएसआयमध्ये नाही.

पीएचवर तर विश्वासच ठेवू नये. पाणी वर येताना कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच चढतो, आणि पीएच एकाने चढला की कॅल्साइटचा निर्देशांकही साधारण एकाने चढतो. त्यात इतक्या खाऱ्या पाण्यात काचेच्या इलेक्ट्रोडचं वाचन मुळातच संशयास्पद. इथे फ्रीक्सीची एक सोय फार कामाची आहे: ‘इक्विलिब्रियम फेजेस’मध्ये कॅल्साइटचं लक्ष्य शून्य ठेवून त्यापुढे सीओटू लिहिलं, की प्रोग्राम कॅल्साइट न विरघळवता नेमका तेवढा वायू परत घालतो. साठ्याचा पीएच हाती येतो. साठा चुनखडीचा असेल तर हे गृहीतक अगदी रास्त; आपल्या मुंबई हायचा मुख्य साठा मायोसीन चुनखडीतलाच आहे. वालुकाश्मात जरा जपून.

समुद्राचं पाणी साठ्यात सोडलं की बॅराइटचा (बेरियम सल्फेटचा) प्रश्न येतो, आणि ‘मिक्स’ ब्लॉक खास त्यासाठीच असल्यासारखा वाटतो. समुद्राच्या पाण्यात सल्फेट लिटरला सुमारे 2,700 मिलिग्रॅम. साठ्याच्या पाण्यात बेरियम 250 मिलिग्रॅम असेल, तर निम्म्या-निम्म्या मिश्रणात लिटरमागे 210 मिलिग्रॅमच्या आसपास बॅराइट पडू शकतं. दिवसाला 1,000 घनमीटर मिश्र पाणी येणाऱ्या विहिरीत ते 210 किलो होतं. पण एकाच मिश्रणावर थांबू नका. 5, 10, 20 टक्के असं चढत जा. सुरुवातीला सल्फेट कमी पडतं, पुढे बेरियमच विरळ होत जातं, आणि सर्वांत वाईट टप्पा मध्ये कुठेतरी असतो.

फ्रीक्सी हे ‘पडू शकतं’ पुढे सहसा जात नाही. कधी पडेल, नळीच्या भिंतीला चिकटेल की पाण्याबरोबर वाहून जाईल, इनहिबिटर (स्केल रोखणारं रसायन) किती टाकायचा, याचं तयार उत्तर त्यात नाही. वेगाची समीकरणं स्वतः लिहिता येतात, पण त्यांचे स्थिरांक तुम्हीच आणायचे. रोजच्या डोसिंगसाठी पैसे मोजून घेतलेली पॅकेजं बरी. रिपोर्ट तपासायला, पॅकेजचं उत्तर पडताळायला आणि रसायन समजून घ्यायला मात्र याला तोड नाही. पाचपैकी चार; पाचवा गुण पिट्झर डॅटमध्ये ॲसिटेट येईल तेव्हा.

चार्ज बॅलन्सबद्दल (धन आणि ऋण आयनांचे भार जुळतात का, याबद्दल) एक सावधगिरी. त्रुटी बरोब्बर शून्य दिसली तर खूश होऊ नका: जुन्या रिपोर्टांत सोडियम मोजलेलंच नसतं, बाकीच्या आयनांच्या फरकातून काढलेलं असतं, म्हणून ती शून्यच येते.

आणि सॅम्पल घेताना 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून दोन बाटल्या भरा: धातूंसाठीची नायट्रिक ॲसिडने पीएच 2 च्या खाली नेलेली, सल्फेट आणि क्लोराइडसाठीची काही न घातलेली. ॲसिडच्या बाटलीच्या तळाशी तरीही पांढरी भुकटी दिसली आणि हलवूनही विरघळली नाही, तर ते बहुतेक बॅराइट. तुमचं बेरियम तिथे बसलंय. रिपोर्टात ते कमी येणार आणि फ्रीक्सी बिनदिक्कत सांगणार की स्केलचा धोका नाही.