शाळेच्या मैदानात वाद्यांचा कोपरा: विकत घ्यावा की शाळेतच बनवावा?

बजेट हाताशी असेल तर ॲल्युमिनियमच्या जाड पट्ट्यांचं तयार वाद्य घ्या, असं मी सांगेन. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, पट्ट्या सुरात लावूनच येतात आणि नाद बराच वेळ टिकतो. उन्हात त्या तापतात, म्हणून झाडाची किंवा छपराची सावली हवीच. लाकडी पट्ट्यांचा आवाज कानाला गोड, पण उघड्यावर लाकूड ओल धरतं आणि सूर सरकतो. ते व्हरांड्यातच बरं.

पट्ट्या शाळेत बनवायच्या असतील तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पट्टी कुठेही स्क्रूने आवळली तर ती नुसती ठक्क वाजते. दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर ती जवळजवळ हलत नाही. आधार तिथेच द्यायचा, तोही रबरावर किंवा दोरीवर. दुसरं म्हणजे कापणी. त्याच जाडीची पट्टी निम्म्या लांबीची केली तर सूर दोन सप्तकं चढतो, म्हणून करवतीची छोटी चूकही लगेच ऐकू येते.

पीव्हीसी पाइप इथे जास्त सांभाळून घेतो. लांबी निम्मी झाली तर सूर साधारण एकच सप्तक वर जातो. पाइपच्या तोंडावर रबरी चपलेचा तळ थापटला की खोल, घुमणारा आवाज येतो आणि मुलांना तो फार आवडतो. सतत ऊन लागलं की हा पाइप ठिसूळ होतो, रंगाचा हात दिला तर जास्त टिकतो. हाताशी पैसे कमी असतील तर माझं मत पाइपलाच.

पातेली, झाकणं, डबे टांगलेली भिंत सगळ्यांत स्वस्त. लहान मुलांना ताल धरायला चांगली, पण तिच्यातून चाल वाजत नाही. कडा मात्र बोट फिरवून तपासा.

काहीही निवडलं तरी सूर पाचच ठेवा: भूप रागातले सा, रे, ग, प, ध. यांत लगतचे अर्ध्या अंतराचे सूर नाहीत, त्यामुळे पाच-सहा मुलांनी एकाच वेळी कुठेही वाजवलं तरी कानाला खटकत नाही. पहिल्यांदाच वाद्याला हात लावणाऱ्या मुलाला याचा फार धीर येतो.

खरेदीआधी जागा ठरवा. कोपरा वर्गाच्या खिडक्यांपासून लांब हवा, नाहीतर तासाच्या वेळी तो बंद ठेवावा लागेल. वाद्याची उंची खुर्चीत बसून हात पोचेल इतकीच ठेवा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतलं मूलही वाजवू शकेल. आणि वाजवायच्या दांड्या तारेने वाद्यालाच बांधा. त्या हरवल्या की मुलं दगडाने वाजवतात आणि पट्ट्यांना पोचे पडतात.