यूट्यूब, ट्विच, किक : पुण्यातून आठ महिने स्ट्रीम केल्यानंतर

मराठीत गेम स्ट्रीम करायचा असेल तर मुख्य चॅनल यूट्यूबवरच ठेवा. कारण पैशांचं नाही, ट्रान्सकोडिंगचं, म्हणजे एकाच व्हिडिओच्या कमी-जास्त क्वालिटीच्या प्रती तयार करण्याचं आहे.

तुम्ही १०८०पी पाठवलं की यूट्यूब त्याचे ७२०, ४८०, ३६० असे सगळे पर्याय स्वतः तयार करतं, चॅनल कितीही छोटं असो. गेम स्ट्रीमिंगच्या ट्विच या साइटवर याची हमी फक्त पार्टनरना, म्हणजे तिने निवडलेल्या वरच्या पायरीच्या चॅनलना. बाकीच्यांना सर्व्हरवर जागा असेल तर. नसेल तेव्हा बघणाऱ्याला तुम्ही पाठवता तीच क्वालिटी घ्यावी लागते. ६००० केबीपीएस (सेकंदाला ६००० किलोबिट, हाच बिटरेट) म्हणजे तासाला साधारण २.७ जीबी. मनपाहून हिंजवडीच्या बसमध्ये बसलेल्याचा रोजचा दीड जीबीचा पॅक वाकड यायच्या आत संपतो. म्हणून ट्विचला ७२०पी, ३० फ्रेम, ३००० केबीपीएस पाठवा. व्हॅलोरंटसारखा वेगवान शूटिंग गेम ३० फ्रेमवर जरा रखडत दिसतो, पण दिसतो तरी.

ट्विचने ऑक्टोबर २०२३ पासून एकाच वेळी इतरत्र स्ट्रीम करायची मुभा सगळ्यांना दिली, त्यामुळे दोन्हीकडे लाइव्ह जाता येतं. ओबीएस या स्ट्रीमिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मल्टिपल आरटीएमपी आउटपुट्स प्लगइन टाका आणि ट्विचसाठी वेगळा एन्कोडर (व्हिडिओ दाबून लहान करणारा भाग) निवडा. यूट्यूबला ९०००, ट्विचला ३०००, दोन्हीकडे सीबीआर (स्थिर बिटरेट) आणि कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदांनी. बेरीज १२ एमबीपीएस, तेव्हा अपलोड निदान २० हवा. आणि वायफाय नको, लॅन केबलच लावा. सोसायटीत प्रत्येक फ्लॅटचा राउटर २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर ओरडत असतो.

स्ट्रीम अडखळला की बहुतेक जण आधी बिटरेट कमी करतात. त्याआधी ओबीएसची स्टॅट्स विंडो उघडा. नेटवर्कमुळे फ्रेम ड्रॉप होत असतील तरच बिटरेटचा संबंध. रेंडरिंग लॅग वाढत असेल तर ग्राफिक्स कार्ड गेमनेच शंभर टक्के खाल्लंय: गेममध्ये एफपीएसला मर्यादा घाला, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. एन्कोडिंग लॅग दिसला तर एनव्हीएन्कचा (एनव्हिडिया कार्डातला एन्कोडर) प्रीसेट एक-दोन पायऱ्या हलका करा, किंवा प्रोसेसरवर चालणाऱ्या एक्स२६४ वर असाल तर ते सोडा.

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार हे धरूनच चाला. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. गेम चालू असताना पीसीने तेवढी ओढली की तो ट्रिप होतो. राउटरचा मिनी यूपीएस घेताना ओएनटी (फायबरची डबी) वेगळा असेल तर त्यालाही त्यावरच जोडा, नाहीतर राउटर चालू आणि इंटरनेट बंद. यूट्यूब स्टुडिओत ऑटो-स्टॉप बंद ठेवा, म्हणजे पीसी परत सुरू झाल्यावर त्याच लिंकवर स्ट्रीम पुढे जातो. ट्विचचं डिसकनेक्ट प्रोटेक्शन फार तर ९० सेकंद तग धरतं.

चॅटमध्ये मात्र ट्विच सरस. लो लेटन्सीवर (कमी उशिराचं सेटिंग) उत्तर काही सेकंदांत पोचतं, तेही फारसं बफर न होता. यूट्यूबवर अल्ट्रा-लो घेतलं तर मोबाइलवाल्यांचं चक्र फिरत बसतं. लो ठेवा, दहा सेकंदांच्या आत भागतं. मागे जाऊन बघायची सोय आणि १२ तासांपर्यंतचा स्ट्रीम कायमचा साठवणं या यूट्यूबच्या दोन गोष्टींपुढे ट्विच फिका: तिथे ॲफिलिएटचा (पार्टनरच्या खालची पायरी) जुना व्हिडिओ १४ दिवसांत जातो.

किक ही ट्विचसारखीच साइट सबस्क्रिप्शनचे ९५ टक्के देते, यूट्यूब मेंबरशिप आणि सुपर चॅटचे ७०, ट्विच सुरुवातीला ५०. पण किकवर मराठी प्रेक्षक जवळजवळ नाही, आणि शून्याचे ९५ टक्केही शून्यच. जुगाराच्या स्ट्रीमची सावली तिथे आहे, ती वेगळीच.

नव्या चॅनलला यूट्यूबवर लाइव्ह चालू करायला फोन व्हेरिफिकेशननंतर २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा आदल्या दिवशीच करा. फोनवरून थेट बीजीएमआय हा मोबाइल गेम दाखवायचा तर ५० सबस्क्रायबर हवेत.

गणपतीच्या दहा दिवसांत मांडवातलं गाणं माइकमध्ये शिरतं, आणि ते ओळखलं गेलं की यूट्यूब लाइव्हच्या जागी स्थिर चित्र लावू शकतं. ट्विच रेकॉर्डिंगचा तेवढा भाग म्यूट करतं. ओबीएसमधला आरएननॉइज हा आवाज गाळणारा फिल्टर पंखा घालवतो, ढोल घालवत नाही. डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांवर, गेन (माइकची संवेदनशीलता) खाली, नॉइज गेट (बोलत नसताना माइक बंद ठेवणारा फिल्टर) लावा, आणि खिडकी बंद.